दिलेला शब्द आणि छापील कलम

भुकूमला पौड रस्त्यालगत एखादा गाळा भाड्याने घ्यावयाचा, तर कागद होण्यापूर्वी बरेच बोलणे होते. समजा, पत्रे गळत असल्याचे भाडेकरूला दिसले आणि पावसाळ्याआधी ते आपण बदलून देऊ, असे मालक म्हणाला. त्या भरवशावर भाडेकरूने अनामत भरली, दुकान लावले. नंतर करारात एक छापील कलम आले: सर्व दुरुस्ती भाडेकरूने स्वखर्चाने करावी. दोघांनी सह्या केल्या. पत्रे तसेच राहिले. मुळशीचा पाऊस काही कलमे वाचून पडत नाही. जुलैत माल भिजला. आता बंधन कशाचे, शब्दाचे की कागदाचे?

देशाच्या कायद्याचा कल कागदाकडे आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याने लेखी अटींविरुद्धचे तोंडी बोलणे सामान्यतः अग्राह्य ठरविले. २०२३ च्या नव्या अधिनियमातही तेच तत्त्व आहे. फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट निराळी. पण शरीअतचा प्रश्न न्यायालयाच्या दाराशी संपत नाही.

हनफी फिक्हमध्ये भाडे हे उपयोगाचे मोल आहे. छप्पर गळू लागले की उपयोगच खुंटतो, म्हणून अशी दुरुस्ती मालकाकडे येते. उस्मानी काळातील ‘मजल्ला’ या संहितेचे कलम ५२९ हेच सांगते. मात्र दोष पाहून जागा घेतली असल्यास ती भाडेकरूची संमती समजली जाते. आपल्या भाडेकरूची अडचण नेमकी इथे आहे. त्याने गळती पाहिली होती. परंतु त्याची संमती गळक्या गाळ्याला नव्हती, दुरुस्त होणाऱ्या गाळ्याला होती, आणि हा फरक मला निर्णायक वाटतो.

केवळ वचन काजीसमोर वसूल करता येत नाही, असे बहुसंख्य फकीह मानतात. ते पाळणे ही सदाचाराची बाब. मालिकी पंथातील प्रसिद्ध मत असे, की वचनावर विसंबून समोरचा खर्चात पडला तर वचन बंधनकारक होते. १९८८ साली कुवेतच्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने मुराबहाच्या संदर्भात याच धर्तीचा निर्णय दिला: सबळ कारण नसेल तर वचन पाळावे, नाहीतर त्यामुळे झालेले प्रत्यक्ष नुकसान भरून द्यावे. हे तत्त्व गाळ्यालाही लागू पडावे. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतली ओल शोधणाऱ्या प्रेषितांची (स.) हदीस सर्वांना ठाऊक आहे. छापील कलमाआड दिलेला शब्द लपविणे त्या ओलीहून फार वेगळे नाही.

भाडेकरूही सर्वस्वी मोकळा नाही. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे, लहान असो वा मोठा. आणि याने तर न वाचता सही केली. शिवाय त्याच्या हातून मोडलेले शटर किंवा त्याच्याच कचऱ्याने तुंबलेले गटार मालकाच्या माथी मारता येणार नाही. पत्र्यांचा खर्च मालकाचा, याविषयी मला शंका नाही. भिजलेल्या मालाचे मात्र विचारावे लागेल: पहिल्या सरीलाच गळती दिसल्यावर त्याने पोती हलविली होती का?