सूर आणि पश्चात्ताप

नाशिकला शरणपुरातल्या चर्चमध्ये उपवासकाळातल्या एका सायंकाळी मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. मी ख्रिस्ती नव्हे; एका स्नेह्याने आग्रहाने नेले होते. ईस्टरपूर्वीचे हे चाळीस दिवस ख्रिस्ती मंडळी आत्मपरीक्षणात घालवतात. पेटी-टाळांच्या साथीवर भजन सुरू झाले आणि माझे डोळे भरून आले. वाटले, मन कसे निर्मळ झाले!

बाहेर पडतो तोच आठवले, धाकट्या भावाशी मी वर्षभर बोललेलो नाही. आणि चूक माझीच होती. मग हे अश्रू कशाचे? पश्चात्तापाचे, की चालीचे?

ही शंका जुनीच आहे. गीताच्या अर्थापेक्षा गळाच मनाला अधिक हलवतो तेव्हा आपल्या हातून पाप घडते, अशी कबुली संत ऑगस्टीनने सोळाशे वर्षांपूर्वी दिली. तरी त्याने गाणे वर्ज्य केले नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीही १८९५ साली ख्रिस्ती झाल्यावर अभंग सोडला नाही. तुकोबांच्याच वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. लहानपणापासून कानी पडलेला सूरच मनाच्या माजघरापर्यंत पोचतो, हे खरे.

पण सूर दार उघडतो. उंबरठा आपला आपणच ओलांडायचा असतो. त्या रात्री मी भावाच्या घरी गेलो. कडी वाजवताना हात कापत होता, आणि साथीला पेटी नव्हती.