पाणी शांत नव्हतं



आजचं चिंतन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ६७ व्या श्लोकावर. इंद्रियं भटकतात, मन त्यांच्या मागे जातं आणि माणसाची बुद्धी ओढून नेतं. वारा पाण्यातल्या नावेला नेतो तसं. हा श्लोक कितीदा तरी वाचला होता. पण त्यातला वारा मला गेल्या महिन्यात माझ्याच एका फोटोत सापडला.

जळगावच्या मेहरूण तलावावर मी पहाटे फोटो काढायला जातो. अ‍ॅबस्ट्रॅक्ट फोटो. त्यात झाड झाडासारखं दिसत नाही, काठ ओळखू येत नाही. नुसते रंग, रेषा, उजेड. सोबत मनात नाम. मी याला माझी साधनाच म्हणायचो. त्या दिवशीचा फोटो छान आला होता. वर फिकट निळं, खाली राखाडी, मधे धुरासारखं पाणी. नाव दिलं ‘अंतरंग’ आणि टाकला. ‘बघूनच किती शांत वाटतं’, असं बऱ्याच जणांनी लिहिलं.

खरं सांगू? पाणी शांत नव्हतं. चांगला वारा सुटला होता, लाटा काठावर आपटत होत्या. पण कॅमेरा स्टँडवर ठेवून शटर आठ सेकंद उघडं ठेवलं, की सगळ्या लाटा एकमेकींत मिसळून जातात आणि पाणी दुधासारखं दिसतं. लाटा थांबत नाहीत, फक्त दिसेनाशा होतात.

मीही शांत नव्हतो. आप्पा धुळ्याजवळच्या आमच्या गावी शेती करतात. विहीर आटली म्हणून त्यांनी बोअरसाठी पैसे मागितले होते. ‘सध्या नाहीत’, असं मी सांगितलं. त्याच आठवड्यात नवी लेन्स घेतली. त्यानंतर तीन आठवडे आमचं बोलणं नव्हतं. ‘अंतरंग’ त्याच लेन्सने काढला होता.

शेवटी गावी निघालो, पण सरळ धुळ्याची बस धरायची हिंमत होईना. रेल्वेने चाळीसगावला उतरलो. म्हटलं, केकी मूस यांचं घर बघू, मग तिथून धुळ्याला जाऊ. कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) जवळजवळ पन्नास वर्षं चाळीसगावच्या स्टेशनजवळच्या आपल्या घराबाहेर क्वचितच पडले. त्यांची टेबल-टॉप फोटोग्राफी प्रसिद्ध आहे. टेबलावर लहानसहान वस्तू मांडायच्या, उजेड-सावली जमवायची आणि खराखुरा वाटावा असा देखावा उभा करायचा. आज त्या घराचं संग्रहालय झालंय.

तिथे उभा असताना मनात एकच प्रश्न फिरत होता. यांचा निसर्ग टेबलावर मांडलेला, माझं पाणी खरं. मग खोटा फोटो कुणाचा? मांडलेला देखावा ते मांडलेलाच म्हणत होते. त्या प्रकाराचं नावच टेबल-टॉप. माझा तलाव खरा होता, लाटाही खऱ्या होत्या, पण मी त्याला ‘अंतरंग’ म्हटलं होतं.

संध्याकाळी घरी पोचलो. आप्पांनी नेहमीसारखं पाणी दिलं. काय बोलावं सुचेना म्हणून फोनवरचा तो फोटो दाखवला. त्यांनी डोळ्यांजवळ नेला, कोपऱ्यातलं फिसकटलेलं गवत बघितलं आणि म्हणाले, “वारा व्हता ना त्या दिन?”

इतक्या जणांनी शांती बघितली. शेतकऱ्याने वारा बघितला.

मग मी लेन्सचं सांगितलं. किंमतही सांगितली. आप्पा बराच वेळ गप्प बसले. नंतर एवढंच म्हणाले, “जेवी ले.” त्यांनी माफ केलं की नाही, मला अजून माहीत नाही. लेन्स मी विकायला काढली आहे. बोअरला पाणी लागेल न लागेल, ते विठ्ठलाच्या हाती. पैसे देणं माझ्या हाती होतं.

तुम्ही म्हणाल, अशांत माणसाने शांतीचा फोटो काढूच नये का? तसं नाही. मन थाऱ्यावर नसतानाच आपण देवापुढे बसतो, आणि ते ढोंग नसतं. शांती मागणं वेगळं, ती मिळालीच आहे असं दाखवणं वेगळं. सहाव्या अध्यायात अर्जुन सरळ सांगतो, की हे मन वाऱ्यासारखं आहे, मला आवरत नाही. त्याने हे कबूल केलं, तेव्हा भगवंतांनी अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले. अर्जुनाने वारा लपवला असता, तर उपाय कशावर सांगणार?

निसर्ग आपल्याला आरसा दाखवतो असं आपण म्हणतो. पण आरशात बघून आपणच चेहरा नीट करून घेतला, तर त्यात आरशाचा काय दोष?

आज एवढं करून बघा. फोनमधला तुमचा सगळ्यात शांत फोटो उघडा. तो काढला त्या दिवशी मनात काय चाललं होतं, ते आठवा. कुणाला फोन करायचा राहिला असेल, तर आधी तो करा. फोटो नंतर टाकला तरी चालेल.

मेहरूणला मी अजून जातो. आता शटर थोडं लवकर मिटतो. लाटा दिसतात.

राम कृष्ण हरी.