भिंतीआडचा विसर

ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहाचा जुना तट आम्ही नित्य पाहतों, पण त्याच्याकडे लक्ष क्वचितच देतों. पोर्तुगीजांनीं १७३० च्या सुमारास हा किल्ला बांधावयास घेतला. १७३७ सालीं तो मराठ्यांनीं जिंकला आणि १७७४ सालीं इंग्रजांनीं. त्रिंबकजी डेंगळे १८१६ सालीं येथूनच निसटले. १९ एप्रिल १९१० रोजीं अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे ह्यांस येथेंच फांसावर चढविण्यांत आलें. त्यांच्या स्मृतीपुढें आमचें मस्तक सहजच नम्र होतें. परंतु त्याच तटाआड आज जीं माणसें आहेत त्यांच्याविषयीं कोणीं विचारलें, तर आमच्यापाशीं एकच उत्तर असतें : ‘कांहीं केलें असेल, म्हणून तर आंत आहेत!’

हें उत्तर खरें आहे काय? २०२२ अखेरच्या सरकारी आकड्यांप्रमाणें देशांतील दर चार बंदिजनांपैकीं सुमारें तिघे कच्चे कैदी होते; म्हणजे त्यांचा अपराध अद्याप सिद्धच व्हावयाचा होता. ठाण्याचा तुरुंग काय किंवा कल्याणचा आधारवाडी तुरुंग काय, दोहोंतहि वर्षानुवर्षें क्षमतेहून कितीतरी अधिक माणसें राहत आलीं आहेत. जामीन मंजूर होऊनहि कोणी जामीनदार मिळत नाहीं, एवढ्याच कारणास्तव कित्येकांचे दिवस आंत जातात.

ह्या जामीनदारीवरूनच एक जुनी हकीकत आठवते. १८४१ सालीं अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं जॉन ऑगस्टस नांवाच्या, जोडे शिवणाऱ्या एका कारागिरानें कोर्टांत एका मद्यपी माणसाची हमी घेतली. तीन आठवड्यांनीं तो मनुष्य परत आला, तेव्हां तो ओळखूं येऊं नये इतका पालटला होता. पुढें ऑगस्टसनें अशा शेंकडों लोकांची हमी घेतली, आणि १८७८ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्यानें ह्या रीतीस कायद्याचें रूप दिलें. आमच्या मुंबई प्रांतांत तसा कायदा १९३८ सालीं झाला व सर्व देशाकरितां १९५८ सालीं. त्यान्वयें योग्य प्रसंगीं अपराध्यास तुरुंगांत न धाडतां, सद्वर्तनाच्या हमीवर व परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं मोकळें ठेवतां येतें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेनें आणखी एक पाऊल टाकलें : पांच हजार रुपयांहून कमी किंमतीची पहिलीच चोरी असून माल परत केला, तर समाजसेवा हीच शिक्षा.

‘ज्याच्या घरीं चोरी झाली त्यानें काय करावें?’ असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच नुकसानभरपाई देवविण्याची सोय १९५८ च्या कायद्यांत आहे. आणि ज्याच्या हातून इतरांच्या जिवास भय आहे, त्याला भिंत हवीच. पण ज्याच्यापासून असें भय नाहीं, त्यालाहि भिंतीआड लोटण्यांत आमचा हेतु न्यायाचा असतो, कीं विसरण्याच्या सोयीचा?

आमचाच अनुभव सांगतों. डोंबिवलीस आमच्या इमारतींत वरकामास एक मुलगा हवा होता. एका गृहस्थांनीं विशीच्या आंतला एक तरुण धाडला आणि तो हमीवर सुटलेला असल्याचें प्रांजळपणें कळविलें. आम्ही त्याला पाणी दिलें, नांवगांव विचारलें आणि ‘जागा भरली’ म्हणून सांगितलें. जागा भरली नव्हती. तो ‘बरं, काका’ म्हणून जिना उतरला. त्या रात्रीं कपाटाचें कुलूप आम्हीं दोनदां ओढून पाहिलें, आणि मग मात्र मनाची लाज वाटली. हमीवर सुटलेल्याच्या माथीं दोषसिद्धीमुळें येणारी अपात्रता राहूं नये, असें तोच कायदा म्हणतो. आमच्या दाराच्या कडीनें ती त्याच्या माथीं पुनः मारली होती.

तुरुंगाच्या भिंतीचा खर्च आम्ही कररूपानें देतों आणि आपलें कर्तव्य झालें असें समजतों. हमीची गोष्ट तशी नाहीं. न्यायाधीशानें मोकळें ठेवलेला मनुष्य शेवटीं कोणाच्या तरी दारीं काम मागावयास येणारच. आणि तें दार उघडावयाचें कीं नाहीं, हें कोणतेंहि कोर्ट ठरवूं शकत नाहीं. ऑगस्टसपाशीं ना हुद्दा होता, ना अधिकार. त्यानें एका अनोळखी माणसाकरितां आपला शब्द टाकला, इतकेंच. आम्हांस तेवढें साधलें नाहीं. तो मुलगा पुन्हां आला, तर साधेल काय, हा प्रश्न आम्हीं स्वतःस विचारून ठेवला आहे.