टिपऱ्यांचं घर

२००१ साली अल्फा टीव्ही मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली. आज तिचे जुने भाग पुन्हा बघणाऱ्यांमध्ये असे कितीतरी तरुण आहेत, जे तेव्हा जन्मलेही नव्हते. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या डायरीच्या रूपातल्या लेखनातून ही मालिका उभी राहिली. दिग्दर्शन केदार शिंदे यांचं. आबा म्हणजे गंगाधर टिपरे, मुलगा शेखर आणि सून श्यामला, नातवंडं शिऱ्या आणि शलाका. घरात तीन पिढ्या आणि रोजच्या कुरबुरी.

आबांची भूमिका करणारे प्रभावळकर तेव्हा जेमतेम सत्तावन्न वर्षांचे होते, पण पडद्यावरचे आबा थेट आपल्या घरातले म्हातारे आजोबा वाटत. मला वाटतं, या मालिकेचं खरं बळ आबांच्या डायरी लिहिण्यात आहे. जो माणूस संध्याकाळी डायरी उघडून बसतो, त्याला दिवसभर घरातल्यांकडे नीट पाहावंच लागतं. नातू उलट बोलला, हे तर सगळ्यांनाच ऐकू येतं. तो का चिडला असेल, हे मात्र आबांना दिसतं. म्हणून ते उपदेशाची घाई करत नाहीत. कधी कधी तर तेच हट्टाला पेटतात आणि मग सुनेला समजुतीनं घ्यावं लागतं.

या घरात कुणी खलनायक नव्हता. भांडणं व्हायची, अबोलेही व्हायचे. पण जेवायला सगळे एकत्र बसत. आज आपल्या घरी रात्रीचं जेवण होईल, तेव्हा ताटावर बसल्या बसल्या शेजारच्याला एवढंच विचारू या, "आज दिवस कसा गेला?" आणि त्याचं सांगून होईपर्यंत ऐकू या.