शिक्षकाला गुण देताना

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात एका ऑनलाइन अभ्यासक्रमाला दोन साहाय्यक शिक्षक होते, एक पुरुष आणि एक स्त्री. दोघांकडे विद्यार्थ्यांचे दोन-दोन गट. प्रत्यक्ष गाठ पडणार नसल्याने संशोधकांनी प्रत्येकाला एका गटापुढे स्वतःच्या नावाने उभं केलं आणि दुसऱ्या गटापुढे सहकाऱ्याच्या नावाने. तपासलेला गृहपाठ सगळ्यांना एकाच वेळी परत मिळेल, अशी काळजी घेतली. सत्र संपल्यावर विद्यार्थ्यांच्या अभिप्रायातल्या तत्परतेच्या रकान्यात पुरुषाच्या नावाला पाचपैकी ४.३५ गुण पडले, स्त्रीच्या नावाला ३.५५. विद्यार्थी अवघे ४३ होते, तेव्हा एवढ्यावर फार मोठा निष्कर्ष काढू नये. तरीही हा रकाना मला विसरता येत नाही. शिकवणं आवडलं की नाही, यावर मतभेद असू शकतात. गृहपाठ कधी हाती आला, यावर कसे असतील?

मोठा पुरावाही आहे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठातले जवळजवळ २० हजार अभिप्राय तपासले गेले, तो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. शिक्षिकांना गुण कमी मिळत होते आणि सर्वांत जास्त फटका नवख्या, तरुण शिक्षिकांना बसत होता. त्यांचे विद्यार्थी मात्र परीक्षेत मागे पडत नव्हते.

आपल्याकडे ‘नॅक’ या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यांकनामुळे विद्यार्थ्यांचे अभिप्राय घेणं महाविद्यालयांच्या अंगवळणी पडलं आहे. इथे प्रश्न केवळ स्त्री-पुरुष एवढाच राहत नाही. आडनाव वाचलं की आपण जात ताडतो. ‘न’ आणि ‘ण’ यांचा उच्चार कानावर पडला की बुद्धीचा अंदाज बांधतो. अभिप्रायाच्या अर्जावर ‘संभाषणकौशल्य’ किंवा ‘प्रभावी व्यक्तिमत्त्व’ असा रकाना ठेवला, की हे सगळं त्यात बिनबोभाट उतरतं आणि सरासरीच्या दशांश चिन्हामागे दिसेनासं होतं. हे करणारी मुलं दुष्ट नसतात. घरात आणि गल्लीत जे पाहिलं, तेच त्यांनी लिहिलेलं असतं.

म्हणून मनं बदलण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा आधी अर्ज बदलावा, असं मला ठामपणे वाटतं. उत्तर अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने दहा गुणांची पट्टी काढून सहाची आणली, तेव्हा पुरुषांचं प्राबल्य असलेल्या विषयांत शिक्षक-शिक्षिकांच्या गुणांतली दरी मिटली. ‘दहापैकी दहा’ म्हटलं की डोळ्यांपुढे एखादा असामान्य प्रज्ञावंत येतो, आणि तो बहुधा पुरुष असतो. आयोवा स्टेट विद्यापीठात अर्जाच्या सुरुवातीला पूर्वग्रहाबद्दल सावध करणारा छोटा मजकूर छापला, तर शिक्षिकांचे गुण वाढले. आपल्या अर्जातही ‘शिक्षक तत्पर आहेत का?’ असं विचारण्याऐवजी ‘गृहपाठ किती दिवसांत तपासून मिळाला?’ असं विचारता येईल.

विद्यार्थ्यांना विचारूच नये, असं मी म्हणत नाही. तास झाले का, शंका विचारली तर उत्तर मिळालं की अपमान झाला, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. पण शिक्षकाचं विषयज्ञान किती खोल आहे, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलाने कसं ठरवावं? टोरोंटोच्या रायर्सन विद्यापीठात अशाच अभिप्रायांवरून झालेल्या वादात २०१८ साली लवादाने निर्णय दिला की बढती किंवा कायम नेमणुकीसाठी अध्यापनाची परिणामकारकता या सर्वेक्षणांवरून मोजू नये.

कायम नोकरी असलेला प्राध्यापक वाईट सरासरी पचवू शकतो. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याचं तसं नाही. त्याची नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची असते, आणि ती नाकारायला एक आकडा पुरतो. प्राचार्यांना आणि विभागप्रमुखांना म्हणूनच विनंती आहे : येत्या वर्षाच्या नेमणुका ठरवताना तो आकडा बाजूला ठेवा. कशाची नोंद करायची ते आधी लिहून ठरवा, एका सहकाऱ्याला बरोबर घ्या, त्या शिक्षकाचे दोन तास मागच्या बाकावर बसून ऐका, त्याने तपासलेल्या वह्या चाळा आणि मगच सही करा.