पुनर्रचना, पोकळी आणि गिलावा : वॉर्साच्या निमित्ताने

हल्ल्यात उद्ध्वस्त झालेली वास्तू पुन्हा उभारावी, की तिचे अवशेष स्मारक म्हणून राखावेत, हा प्रश्न सामान्यतः वास्तुशास्त्राच्या कक्षेतला मानला जातो. वस्तुतः तो संहितेचा आणि तिच्या वाचकाचा प्रश्न आहे. जॉन रस्किनने १८४९ साली जीर्णोद्धाराला असत्य ठरवले, तेव्हा त्याच्यासमोर काळाने आणि हेळसांडीने झिजलेल्या वास्तू होत्या. काळाला हेतू नसतो. त्यामुळे काळाने केलेली पडझड जशीच्या तशी स्वीकारण्यात एक प्रकारचा प्रामाणिकपणा आहे. पण जेथे विध्वंस हेच धोरण असते, तेथे ही भूमिका अपुरी पडते.

वॉर्सा हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. १९४४ सालचा उठाव ६३ दिवसांनी चिरडल्यावर जर्मनांनी उरलेली लोकवस्ती शहराबाहेर काढली आणि रिकाम्या झालेल्या शहरातील इमारती पद्धतशीरपणे जाळल्या, सुरुंग लावून उडवल्या. १९४५च्या जानेवारीत सुमारे ८५ टक्के शहर नष्ट झालेले होते. ही युद्धाची अपरिहार्य हानी नव्हती. एका समाजाची स्मृती पुसण्याचा तो संकल्प होता. अशा ठिकाणी अवशेष तसेच ठेवणे म्हणजे संहितेची शेवटची ओळ विध्वंसकाला लिहू देणे. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची जबाबदारी सांभाळणाऱ्या यान झाखवातोविच यांची भूमिका नेमकी येथून सुरू होते. पुनर्बांधणीने जतनशास्त्राच्या मान्य तत्त्वांचा भंग होतो हे त्यांनी लपवले नाही. भंग होत असूनही ती केली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. युद्धपूर्व मोजणीचे आराखडे आणि बेर्नार्दो बेलोत्तोची अठराव्या शतकातली नगरचित्रे यांच्या आधाराने जुने शहर उभे राहिले. १९८० साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात स्थान दिले, ते जुनेपणासाठी नव्हे, तर पुनर्रचनेसाठी.

मात्र ही पुनर्रचना निर्हेतुक नव्हती. बेलोत्तोने काही दर्शनी भाग चित्रात सुधारून घेतले होते. म्हणजे प्रमाण मानलेली संहिताच कुठे कुठे संस्कारित होती. एकोणिसाव्या शतकात मागच्या चौकांतून दाटीने वाढलेली बांधकामे पुष्कळ ठिकाणी पुन्हा उभारलीच गेली नाहीत. उजेड आणि हवा मिळाली, हे खरे. पण १९३९ सालचे शहर परत आले असे म्हणता येणार नाही. आले ते निवडलेले शहर. ‘पूर्ववत्’ या शब्दात कोणते पूर्व, हा प्रश्न नेहमीच दडलेला असतो.

त्याच शहरात, जुन्या भागापासून पायी जाण्याच्या अंतरावर, मुरानूफ आहे. युद्धापूर्वी वॉर्सात सुमारे साडेतीन लाख ज्यू राहत होते. लोकसंख्येच्या जवळजवळ तीस टक्के. १९४३च्या वसंतातील उठावानंतर घेट्टो जमीनदोस्त करण्यात आला, आणि १६ मे रोजी घेट्टोच्या सीमेबाहेरचे मोठे सिनेगॉग सुरुंगाने उडवण्यात आले. येथे ‘पूर्ववत्’चा आग्रह कोणीही धरला नाही. याचे एक कारण राज्यकर्त्यांची उदासीनता असेल. पण त्याहून खोल कारण असे की ती घरे ज्यांची होती ती माणसेच उरली नव्हती. जुन्या शहराच्या संहितेला वाचक होता. म्हणून तिची प्रतिकृतीही जिवंत झाली. मुरानूफच्या गल्ल्या हुबेहूब उभारल्या असत्या, तर त्या परक्यांनी भरलेला देखावा ठरल्या असत्या. वास्तू परत आणता येते, वस्ती नाही. पुनर्रचनेच्या समर्थनात हा भेद फारदा विसरला जातो.

१९४८ साली तेथे नाथान रापोपोर्टचे घेट्टोवीरांचे स्मारक उभे राहिले. अधिक विचारप्रवर्तक आहे ती त्याच्या भोवतालची वसाहत. वास्तुकार बोहदान लाखर्ट यांनी ढिगारे हटवले नाहीत. राडारोड्याच्या टेकाडांवरच इमारती चढवल्या आणि तोच राडारोडा भरडून त्यांच्या भिंतींचे ठोकळे केले. त्या भिंतींना गिलावा करायचा नाही, हा त्यांचा आग्रह होता : राहणाऱ्याला रोज दिसावे की आपले घर कशाचे बनले आहे. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी भिंतींना गिलावा झाला, रंगही लागला. वस्ती प्रसन्न दिसू लागली. प्रसन्न घरात राहण्याचा रहिवाशांचा हक्क कोणी नाकारू नये. पण त्या गिलाव्याखाली जे गेले ते केवळ सौंदर्यदृष्टीच्या मतभेदाचे प्रकरण नव्हते.

पाठचिकित्सेशी परिचित असलेल्या मराठी अभ्यासकाला येथे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सित आवृत्ती आठवल्यावाचून राहणार नाही. हस्तलिखितांच्या आधाराने संहिता सिद्ध करताना जेथे पाठाविषयी पुरेशी खात्री नव्हती, तेथे संपादकांनी अक्षरांखाली नागमोडी रेघ दिली. संहिता वाचनीय झाली आणि शंकाही दृश्य राहिली. वास्तूच्या पुनर्रचनेचा नैतिक प्रश्न बांधावे की बांधू नये असा नाही. ही रेघ ठेवली जाते की नाही, असा आहे. लाखर्टची उघडी भिंत ही अशीच रेघ होती. तिच्यावर गिलावा करणे हे संपादकाने आपली दुरुस्ती मूळ पाठ म्हणून छापण्यासारखे आहे.

या दृष्टीने वॉर्सातील सॅक्सन राजवाड्याचा चालू प्रश्न पाहण्यासारखा आहे. त्याच्या कमानीखाली १९२५ सालापासून अज्ञात सैनिकाची समाधी होती. १९४४च्या डिसेंबरात राजवाडा उडवला गेला. उरला तो समाधीवरचा, मोजक्या कमानींचा तुकडा. तुटलेल्या कडांसह उघड्या चौकात उभा असलेला तो तुकडा दीर्घकाळ स्वतंत्र संहिता म्हणून वाचला गेला आहे. २०२१ साली राजवाडा पुन्हा बांधण्याचा कायदा संमत झाला. झाखवातोविच यांचा युक्तिवाद येथे जसाच्या तसा लागू होत नाही : जुने शहर उभारताना विध्वंस ताजा होता आणि माणसे तळघरांत राहत होती, सॅक्सन राजवाड्याच्या बाबतीत मधली सारी दशके त्या भग्न कमानींच्या नावावर जमा आहेत, आणि तीही आता इतिहासच आहेत. राजवाडा उठला, तर समाधीवरच्या कमानी एका लांब, अखंड दर्शनी भागाचा मध्यभाग होतील. जुना दगड कोठे संपतो आणि नवा कोठे सुरू होतो, हे चौकातून जाणाऱ्याला नुसत्या डोळ्यांनी ओळखता येईल का, याचे उत्तर आराखड्यालाच द्यावे लागेल.