पानाला पडलेलं भोक

आपलं झाड कोणतं आणि परकं कोणतं, हा वाद पारावर काढला तर दिवस मावळेल, पण निकाल लागायचा नाही. चिंच आपली म्हणावी तर ती मुळात आफ्रिकेची. मिरची अमेरिकेची, पोर्तुगीजांच्या गलबतातून आलेली. पण ठेच्यावाचून आमची भाकरी घशाखाली उतरत नाही. मग मूळ गाव विचारून आपलं-परकं ठरवायचं कसं? माणसांच्या बाबतीत असं मूळ उकरायला गेलं की काय होतं, ते आपण बघतोच.

हा प्रश्न माझ्या पुढ्यात आला तो शाळेमुळं. शाळेमागं ३ गुंठे जागा मोकळी होती. गुरुजी म्हणाले, "आबा, बाग तुम्ही आखून द्या. इथली झाडं लावू." मी दहावीपर्यंत शिकलेला, पण सारा जन्म माणदेशातल्या रानात गेलाय. बैठकीत कोणी म्हणालं लॉन करा, कोणी म्हणालं बाटलीच्या बुडाचे पाम लावा, रंगीत पानांचे क्रोटन लावा. दिसायला झाक दिसतं, खोटं कशाला बोलू? पण 'इथलं' म्हणजे काय, याची मला एक खूण पाहिजे होती.

ती मला रुईच्या झुडपावर सापडली. रुईच्या पानावर काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची अळी असते. पानाची पार चाळण करते आणि पुढं तिचं केशरी फुलपाखरू होतं. कढीपत्त्यावर, कागदी लिंबावर दुसरी अळी. लहान असताना ती पाखराच्या विष्ठेसारखी दिसते. डिवचली की डोक्यामागनं तांबूस शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. बहाव्यावर, तरवडावर पिवळ्या फुलपाखरांची पिल्लं वाढतात. आता टणटणी बघा. ती बाहेरून आली आणि डोंगर बळकावून बसली. तिच्या फुलांवर मध प्यायला फुलपाखरांची झुंबड असते. पण अंडी घालायला ती पुन्हा आपली रुई, आपला बहावा शोधत जातात. पाहुणचार कुठंही घेता येतो, बाळंतपणाला माहेरच लागतं.

तेव्हापासून माझा हिशेब साधा आहे. ज्या झाडाच्या पानाला इथल्या जीवानं भोक पाडलं, ते झाड इथलं झालं. चिंचेचा कोवळा पाला पोरं ओरबाडून खातात, तिच्या फुलोऱ्यावर माश्या घोंघावतात. तिला कोण परकी म्हणेल?

त्या हिशेबानं बाग आखली. मावळतीच्या अंगाला कडुनिंब, करंज आणि चिंच, म्हणजे दुपारची तिरीप अडते. हात धुवायच्या पाण्याचा पाट नेला तिथं उंबर. मधे बहावा, आपटा, पळस, पांगारा. पळस-पांगारा फुलतात तेव्हा अंगावर पान नसतं, पण साळुंक्या आणि शिंजीर दिवसभर हलत नाहीत. कुंपणाला बोर, तरवड, निर्गुडी, अडुळसा. रुई एका कोपऱ्यात, कारण तिचा चीक डोळ्यात गेला तर वाईट. खाली पवन्या आणि मारवेल. एका बाजूला दगडांचा ढीग, सरड्यांसाठी. पालापाचोळा पेटवायचा नाही, तिथंच कुजू द्यायचा. फवारणी अजिबात नाही.

अळ्या दिसायला लागल्यावर आयाबाया घाबरल्या. २०२२ साली घोणस अळीची भीती गावोगाव पसरली होती, ती अजून डोक्यातनं गेलेली नव्हती. त्यांचंही चूक नाही. म्हणून पोरांना पहिला धडा दिला, बघायचं लांबून, केसाळ आणि काटेरी अळीला हात लावायचा नाही.

खरा पेच टाकला तो सातवीतल्या एका पोरीनं. म्हणाली, "आबा, तुमी डाळिंबाला औषध मारता की. मग हितल्या आळ्या का पाळायच्या?"

तिला ठाऊक नव्हतं, पण मला होतं, की डाळिंब पोखरणारी अळीसुद्धा एका फुलपाखराचीच. म्हणजे एका हातानं मारायचं आणि दुसऱ्या हातानं पाळणा बांधायचा. हे ढोंग आहे का? मी पुष्कळ विचार केला. डाळिंबावर माझं पोट आहे, बँकेचा हप्ता आहे. ते मी राखणार. पण आमच्या वडिलांच्या काळात दोन रानांमधला बांध चार-पाच हात रुंद असायचा. त्यावर बोरी, हिवर, तरवड, गवत, त्यात तितर आणि होले. रानातलं पीक धन्याचं, बांधावरचं ज्याला गावेल त्याचं. ते कोणी मोजत नव्हतं. पुढं वाटण्या झाल्या, ट्रॅक्टर आले, दोन्हीकडनं बांध कोरत गेले. आज काही बांधांवर पाऊल आडवं मावत नाही.

पोरीला सांगितलं, "बाई, रान माझं आहे, पण सगळंच माझं नाही. ही बाग म्हणजे गावाचा बांध आहे."

ती म्हणाली, "आन तुमच्या रानाचा बांध?"

यंदा मृगाच्या आधी माझ्या बाजूनं तीन हात सोडायचं ठरवलंय. पोरगा म्हणतो, बाजरीच्या तीन काकऱ्या जातील. मी म्हटलं, जातील. त्या कुणाच्या तरी पोटातच जाणार आहेत.